थांबलेल्या श्वासाच्या मेंदूतल्या खुणा

नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञाने मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य खात्याला चार रुग्णांची माहिती कळवली. चौघांचीही स्मृती एकाएकी गेली होती. जुने बरेचसे आठवत होते, पण नवे काही मनात टिकत नव्हते. एमआरआय काढला तेव्हा चौघांच्याही मेंदूत इजा एकाच जागी दिसली, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखीच दिसली. ती जागा म्हणजे हिप्पोकॅम्पस, नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग. आरोग्य खात्याने तज्ज्ञांना ई-मेल पाठवून ‘असे रुग्ण तुम्हीही पाहिलेत का’ अशी विचारणा केली. त्यातून आणखी दहा जण सापडले. २०१२ ते २०१६ या काळातल्या या चौदा जणांचे सरासरी वय ३५ वर्षे होते. या वयात स्मृतीवर असा घाला घालणारी कारणे फारच थोडी आहेत. या चौदांतल्या बहुतेकांना जोडणारा धागा मात्र ठळक होता : हेरॉइन किंवा त्याच जातीच्या द्रव्यांचे सेवन.

नशेच्या ओव्हरडोसची बातमी वाचताना आपल्यापुढे दोनच शेवट असतात. माणूस गेला, नाहीतर वाचला. गेल्या काही दशकांत मेंदूच्या चित्रांनी तिसरा शेवट समोर आणला आहे. माणूस वाचतो, घरी येतो, चालतो-बोलतो, पण त्याच्या मेंदूचा एखादा तुकडा त्या काही मिनिटांत कायमचा हातचा गेलेला असतो. कोणता तुकडा जातो आणि का जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या समजेवर वाचलेल्या माणसाशी आपण पुढे कसे वागतो हे अवलंबून आहे.

श्वासाची सूत्रे

अफूच्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रिड्रिख सर्ट्युर्नर या तरुण औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. पुढे मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून हेरॉइन आले. कोडीन अफूतच असते, तर ट्रॅमाडॉल आणि फेंटानिल ही पूर्णपणे कारखान्यात बनणारी औषधे. या सगळ्या कुळाला ओपिऑइड म्हणतात. १९७३ साली मेंदूत या द्रव्यांसाठीच्या खास जागा, म्हणजे रिसेप्टर, असल्याचे सिद्ध झाले. दोन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी दाखवून दिले की मेंदू स्वतःच अशी द्रव्ये तयार करतो. वेदना आवरण्यासाठी शरीराने केलेली ती स्वतःची सोय आहे. अफू त्याच सोयीचा ताबा घेते.

ओपिऑइडच्या रिसेप्टरांत ‘म्यू’ हा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. १९८५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात किरणोत्सारी कार्बन जोडलेले कारफेंटानिल अत्यल्प मात्रेत टोचून, पेट स्कॅनच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या मेंदूतले हे रिसेप्टर पहिल्यांदा पाहता आले. वेदनेचे संदेश पुढे पाठवणारा थॅलॅमस, सुखाची जाणीव आणि सवय यांत गुंतलेली केंद्रे, भीतीशी संबंध असलेला अमिग्डाला अशा ठिकाणी त्यांची दाटी असते. म्हणूनच एकच द्रव्य वेदना शमवते, सुख देते आणि चिंता पुसते.

हेच रिसेप्टर मेंदूच्या देठातही आहेत, आणि खरा धोका तिथे आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या या भागात प्री-बॉट्झिंगर नावाचा चेतापेशींचा एक छोटासा पुंजका आहे. जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली तो ओळखला. श्वासाची लय इथे जन्मते. आपण झोपेत असताना, बोलताना, जेवताना श्वास चालू राहतो तो याच्या जोरावर. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की देठातल्या संवेदक पेशी इशारा देतात आणि श्वास जलद होतो. ओपिऑइड दोन्हीकडून गळचेपी करते : लय मंदावते आणि इशाऱ्याची धारही बोथट होते. ऑक्सफर्डमध्ये निरोगी स्वयंसेवकांना रेमिफेंटानिल हे अल्पजीवी औषध देऊन एमआरआय यंत्रात श्वास रोखायला सांगितले गेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की श्वासावर जाणीवपूर्वक ताबा ठेवणारे मेंदूच्या पृष्ठभागावरचे भागही या औषधाने मंदावतात. म्हणजे आपोआप चालणारा श्वास मंदावतो, आणि मुद्दाम घ्यावा म्हटले तर ती यंत्रणाही ढिली पडते.

निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. ओव्हरडोसमध्ये हा आकडा सहा, चार, दोन असा उतरत जातो. जीभ मागे पडते, घशातून खोल घरघर येते, आणि घरातल्यांना वाटते की आज गाढ झोप लागली आहे, उठवू नये. कित्येक जीव या गैरसमजात गेले आहेत. ओव्हरडोसमधली घरघर हे अडलेल्या श्वासाचे लक्षण आहे. ओठ आणि नखे निळसर किंवा राखाडी पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाइतक्या बारीक होणे आणि हाक मारून, हलवूनही जाग न येणे ही त्याच्या जोडीची लक्षणे.

पेशीच्या आत काय घडते

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. शिल्लक साठा त्याच्याकडे जवळपास नसतो. प्रत्येक चेतापेशीच्या पडद्यावर सोडियम बाहेर ढकलणारे आणि पोटॅशियम आत ओढणारे सूक्ष्म पंप रात्रंदिवस चालू असतात. पेशीच्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यांच्यावर खर्च होतो. ऑक्सिजन आटला की ऊर्जा आटते, पंप थांबतात, सोडियम आत साचतो आणि त्याच्यामागे पाणी आत शिरते. पेशी फुगते. त्याच वेळी ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन बेसुमार बाहेर पडते आणि शेजारच्या पेशींना अति उत्तेजित करून मारते. रक्ताभिसरण पूर्ण थांबले तर चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते. ओव्हरडोसमध्ये बरेचदा हृदय काही काळ चालू असते आणि मेंदूकडे रक्त जात असते, पण त्या रक्तात ऑक्सिजन उरलेला नसतो. मग रक्तदाब घसरतो आणि दोन्ही उणिवा एकत्र येतात.

हा बदल टिपणारे एमआरआयचे तंत्र फ्रेंच डॉक्टर डेनी ल बियाँ यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात पुढे आणले. त्याला डिफ्युजन एमआरआय म्हणतात. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे भरकटत असतात. पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत ते लांबवर जातात, पण फुगलेल्या पेशींच्या आत त्यांना फारशी हालचाल करता येत नाही. रिकाम्या फलाटावर हवा तसा फिरणारा माणूस गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये शिरला की त्याला पाऊलही हलवता येत नाही, तसेच हे. डिफ्युजन एमआरआय नेमका हा अडकलेपणा मोजतो. जिथे पाणी अडकले, तिथे चित्रात पांढरा चमकता डाग उठतो. त्या भागातल्या पेशी उपासमारीला लागल्याची ती खूण असते.

सीटी स्कॅन इतका तरबेज नाही. ओव्हरडोसनंतर पहिल्या काही तासांत काढलेला सीटी पुष्कळदा निर्दोष दिसतो. इजा मोठी असेल तर नंतर मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा पुसट होते, मेंदू सुजतो, घड्या दाबल्या जातात. डिफ्युजन एमआरआयलाही काळाचे बंधन आहे. त्यातले चमकते डाग साधारण आठवड्याभराने फिके पडू लागतात आणि काही काळ चित्र फसवे, जणू सारे ठीक असल्यासारखे दिसते. त्यामुळे स्कॅन नॉर्मल आहे या वाक्याला तो कोणता आणि कितव्या दिवशीचा, हे दोन प्रश्न जोडूनच अर्थ येतो.

आधी कोण मरते

ऑक्सिजनचा दुष्काळ साऱ्या मेंदूवर पडतो, पण सगळे भाग एकाच वेगाने मरत नाहीत. ज्यांचे काम अखंड आणि ऊर्जेची भूक मोठी, ते आधी पडतात. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरचा करडा थर, लहान मेंदूतल्या पर्किन्ये पेशी, हिप्पोकॅम्पसच्या एका पट्ट्यातल्या पेशी आणि मेंदूच्या गाभ्यातली केंद्रे या यादीत वर आहेत. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवरचे भागही धोक्यात असतात, कारण रक्तदाब उतरला की रक्त तिथवर पोहोचतच नाही.

ओपिऑइडच्या बाबतीत गाभ्यातल्या ग्लोबस पॅलिडसचे नाव वारंवार येते. शरीराच्या हालचालींना वळण लावणारा हा भाग दोन्ही बाजूंना असतो. हेरॉइनचे व्यसन असलेल्या मृतांच्या मेंदूंची तपासणी झाली तेव्हा पाच ते दहा टक्क्यांमध्ये याच भागात दोन्हीकडे मृत पेशींचे डाग आढळले. जिवंत माणसाच्या एमआरआयमध्येही ते असेच समोरासमोर, जोडीने दिसतात. कार्बन मोनॉक्साइड वायूने गुदमरलेल्या माणसांतही नेमके हेच दिसते. कारणे दोन आणि खूण एकच, यावरून गुदमरण्याचा वाटा किती मोठा आहे हे ध्यानात येते.

हिप्पोकॅम्पसची इजा माणसाला वेगळ्याच तऱ्हेने अपंग करते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाचे फेफरे थांबवण्यासाठी शस्त्रक्रियेने दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांना नव्या आठवणी साठवता आल्या नाहीत. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांच्यावर केलेल्या अभ्यासाने स्मृतीचे आधुनिक शास्त्र उभे राहिले. त्यांची बुद्धी शाबूत होती, बोलणे नीट होते, पण रोज भेटणारी माणसेही दरवेळी नवी वाटत. मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णांच्या एमआरआयमध्ये ही इजा शस्त्रक्रियेविना घडलेली होती.

यातून एक अवघड प्रश्न निघतो. ऑक्सिजनच कमी पडला असेल, तर काही जणांत बाकीचा मेंदू वाचून दोन हिप्पोकॅम्पसच का जावेत? उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांत फेंटानिलची मात्रा खूप वाढवली तेव्हा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्याशी जोडलेल्या भागांत ऊर्जेचा वापर वाढून पेशींना इजा झाली होती. हिप्पोकॅम्पसमध्ये उत्तेजनाला लगाम घालणाऱ्या पेशींवर म्यू रिसेप्टर असतात. ओपिऑइड त्या लगामी पेशींना गप्प करते आणि मुख्य पेशी मोकाट सुटतात. एका बाजूने खर्च वाढतो आणि त्याच क्षणी श्वास मंदावून पुरवठा घटतो. दोन्ही एकत्र आले की हा नाजूक भाग कोसळत असावा, असे आजचे अनुमान आहे. मॅसॅच्युसेट्सचे रुग्ण दिसू लागले त्याच काळात तिथल्या काळ्या बाजारात हेरॉइनची जागा फेंटानिल घेत होते, हेही लक्षात घ्यायला हवे. मॉर्फिनच्या कितीतरी पट तीव्र असलेले हे द्रव्य लघवीच्या नेहमीच्या अफू-चाचणीत सापडतच नाही. ते शोधायला वेगळी चाचणी मागवावी लागते.

वाईट दिसणारे, तरी वाचणारे

२०१९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आणखी एका नमुन्याला ‘चँटर’ हे नाव दिले. या रुग्णांच्या एमआरआयमध्ये लहान मेंदू, दोन्ही हिप्पोकॅम्पस आणि गाभ्यातली केंद्रे या तिन्ही ठिकाणी चमकते डाग आणि सूज एकाच वेळी दिसते. लहान मेंदू कवटीच्या मागच्या अरुंद कप्प्यात असतो. तो सुजला की समोरची पाण्याची वाट दाबली जाते, मेंदूतले द्रव तुंबते आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. लहान मुलांनी घरातल्या मोठ्यांची ओपिऑइड गोळी चुकून गिळल्यानंतरही लहान मेंदूची अशी भयंकर सूज आलेली नोंदवली गेली आहे. पहिल्या दृष्टीला हे चित्र आशा सोडून द्यावी असे वाटते.

या नमुन्याला नाव मिळण्याचे महत्त्व इथेच आहे. हृदय बंद पडून मेंदूला झालेल्या इजेचे चित्र असे दिसले तर परिणाम बहुधा वाईट असतो. चँटरच्या रुग्णांत मात्र तुंबलेले द्रव वेळीच बाहेर काढले किंवा कवटीचा मागचा भाग उघडून दाब उतरवला, तर बरेच जण पुन्हा चालू-बोलू लागलेले आढळले. त्यांच्या सुजेतला काही भाग उलटणारा होता. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे याची बोलणी चालू असतात तेव्हा हा फरक कोणीतरी ओळखणे फार मोलाचे असते. स्कॅन वाचणाऱ्याला हा रुग्ण ओपिऑइडचा आहे हे कळवले गेले नसेल, तर त्याच डागांचा चुकीचा अर्थ लागू शकतो. म्हणून नशेची माहिती घरच्यांनी डॉक्टरांपासून लपवू नये.

शुद्धीवर आल्यानंतरचा घात

आत्तापर्यंत सांगितलेली इजा मुख्यतः चेतापेशींची, म्हणजे करड्या भागाची होती. मेंदूचा पांढरा भाग हा पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा, आणि त्या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. ओव्हरडोसमधून बाहेर आलेल्या काही थोड्या रुग्णांमध्ये विचित्र क्रम दिसतो. माणूस शुद्धीवर येतो, घरी जातो, एक ते चार आठवडे चांगला असतो. मग अचानक गोंधळतो, गप्प होतो, चालताना अडखळतो, लघवीवरचा ताबा जातो. एमआरआय काढला की मोठ्या मेंदूचा पांढरा भाग दोन्ही बाजूंना सलग उजळलेला दिसतो. ऑक्सिजनच्या उणिवेने मायलिन सांभाळणाऱ्या पेशींचे नुकसान त्याच दिवशी झालेले असते, पण आवरण झिजून तंतू उघडे पडायला काही आठवडे लागतात. घरच्यांना हे पुन्हा नशा केल्याचे किंवा वेड लागल्याचे लक्षण वाटते. कित्येक रुग्ण पुढच्या महिन्यांत हळूहळू सुधारतात, त्यामुळे ओळख वेळेवर पटणे गरजेचे असते.

पांढऱ्या भागाचा आणखी एक आजार आहे, आणि तो श्वास थांबण्यावर अवलंबून नाही. १९८२ साली अॅमस्टरडॅममधल्या डॉक्टरांनी ४७ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हे सगळे धातूच्या पन्नीवर हेरॉइन तापवून त्याचा धूर नळीने ओढत असत. त्यांची चाल लटपटू लागली, बोलणे जड झाले, आणि त्यांतले ११ जण दगावले. अशा रुग्णांच्या एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या पांढऱ्या भागात दोन्हीकडे समान पसरलेला उजळ पट्टा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मायलिनमध्ये असंख्य पोकळ्या आढळतात. तापवण्यातून तयार होणारे नेमके कोणते विष याला जबाबदार आहे हे शास्त्रज्ञांना आजवर निश्चित सापडलेले नाही.

पन्नीचा हा प्रकार मुंबईला अनोळखी नाही. १९८०च्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, शहरात शिरली, तिला ‘गर्द’ म्हटले जाऊ लागले, आणि पुलाखाली पन्नी धरून बसलेल्या मुलांना ‘गर्दुल्ले’. लेखक अनिल अवचट यांनी त्या मुलांमध्ये जाऊन ‘गर्द’ हे पुस्तक लिहिले, आणि १९८६ साली त्यांनी व डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला पटवण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडचे चित्र

दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड घेतात, आणि त्यांतल्या अंदाजे ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. या ७७ लाखांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे. ही नुसती गर्दची गोष्ट राहिलेली नाही. औषध म्हणून बनलेल्या गोळ्या, इंजेक्शने आणि कोडीनची खोकल्याची औषधेही यात मोठ्या प्रमाणात आहेत. ट्रॅमाडॉल २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले.

ओव्हरडोस कधी होतो हेही ठाऊक असायला हवे. सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे नशा काही दिवस थांबल्यानंतरचा. व्यसनमुक्ती केंद्रात, रुग्णालयात किंवा तुरुंगात काही आठवडे राहिलेल्या माणसाच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर आल्यावर एकदा पाय घसरला आणि त्याने पूर्वीचाच डोस घेतला, तर तोच त्याला जड जातो. दुसरा धोका मिश्रणाचा. दारू किंवा झोपेच्या गोळ्या जोडीला असल्या की श्वासावर दुहेरी दाब येतो. कर्करोगाच्या असह्य वेदनांसाठी डॉक्टरांनी मोजून दिलेले मॉर्फिन ही वेगळी गोष्ट आहे. ते रुग्णाचा हक्काचा दिलासा आहे, आणि या लेखाच्या भीतीने कोणी ते बंद करू नये.

हातात असलेली मिनिटे

नालोक्सोन नावाचे औषध म्यू रिसेप्टरवरून ओपिऑइडला हुसकावून लावते आणि काही मिनिटांत श्वास परत आणते. अमेरिकेत १९७१पासून ते वापरात आहे, आणि २०२३मध्ये तिथे त्याचा नाकात मारायचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच शिफारस केली होती की ओव्हरडोस पाहण्याची शक्यता असलेल्या प्रत्येकाच्या, म्हणजे घरच्यांच्या, मित्रांच्या, कार्यकर्त्यांच्या हाती हे औषध आणि ते वापरण्याचे शिक्षण असावे. आपल्याकडे ते मुख्यतः रुग्णालयात इंजेक्शनच्या रूपात भेटते, आणि मेंदूचा निकाल तर रुग्णालयात पोहोचण्याआधीच लागत असतो. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्या माणसाच्या कुटुंबाला हे औषध आणि तासाभराचे प्रशिक्षण मिळायला हवे, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

औषध नसले तरी हातावर हात धरून बसायचे नसते. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या सांध्यांनी जोरात चोळा. प्रतिसाद नसेल तर १०८ला फोन करा आणि नशेचे द्रव्य घेतल्याचे स्पष्ट सांगा. पाठीवर झोपवून डोके मागे करा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरून दर पाच सेकंदांना एक याप्रमाणे तोंडावाटे श्वास द्या. अशा वेळी मेंदूला हवा असतो तो ऑक्सिजन, आणि तो देणारे तुमचे फुप्फुस तिथे हजर असते. श्वास अजिबात नसेल आणि हालचालही नसेल, तर छातीवर दाब देणे सुरू करा. श्वास परत आला की कुशीवर वळवा आणि सोडून जाऊ नका, कारण नालोक्सोनचा असर साधारण तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो आणि ओपिऑइड त्याहून जास्त काळ अंगात राहू शकते. मिठाचे पाणी पाजणे, थंड पाण्याखाली धरणे, उभे करून चालवणे यात वेळ जातो आणि घशात काही अडकण्याचा धोका वाढतो. पोलिसांच्या भीतीने फोन टाळला जातो, ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

वाचलेल्या माणसाबद्दल

नालोक्सोन श्वास परत आणते, मेलेल्या पेशी परत आणत नाही. म्हणून ओव्हरडोसमधून उठलेल्या प्रत्येकाची स्मृती, लक्ष आणि चालणे काही दिवसांनी आणि पुन्हा महिन्याभराने तपासले जायला हवे. काही शब्द सांगून थोड्या वेळाने विचारणे, तारीख विचारणे, सरळ रेषेत चालायला लावणे इतकी साधी तपासणीसुद्धा पुष्कळ सांगून जाते. त्यात शंका आली तर एमआरआय काढावा. एमआरआय स्वच्छ आला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, कारण वारंवार झालेल्या लहान गुदमरण्यांच्या सगळ्याच खुणा चित्रात उमटत नाहीत.

ही तपासणी व्यसनमुक्तीच्या कामाच्या केंद्रस्थानी आणण्याचे कारण सरळ आहे. आपले बहुतेक उपचार स्मृतीवर उभे आहेत. समुपदेशनात काय बोलणे झाले ते लक्षात ठेवायचे, मोह आला तर काय करायचे ते आठवायचे, औषधाची वेळ पाळायची, पुढची तारीख विसरायची नाही. ज्याच्या हिप्पोकॅम्पसला इजा झाली आहे, त्याच्याकडून आपण नेमके तेच मागतो जे त्याच्याकडे उरलेले नाही. तो तारीख चुकवतो, मग आपण म्हणतो की याच्या मनातच नाही, हा सुधारणार नाही. केंद्र त्याला नाव कमी केल्याचे कळवते, घर दार लावून घेते, आणि तो पुन्हा त्याच पुलाखाली जातो, या वेळी उतरलेल्या सहनशक्तीसह.

त्याच्यासाठी उपचाराची रीत बदलता येते. सूचना लेखी द्याव्यात आणि पुन्हा पुन्हा द्याव्यात. सत्रे छोटी, पण वारंवार ठेवावीत. भेटीच्या आदल्या दिवशी फोन करावा, सोबत घरचे एक माणूस बोलवावे, औषध रोज कोणाच्या तरी समोर द्यावे. यातल्या कशालाही महागडे यंत्र लागत नाही. व्यसन हा आजार आहे हे आपण चाळीस वर्षांत शिकलो. त्या आजारातून वाचलेल्या माणसाचा मेंदू जखमी असू शकतो, हे आता शिकायचे आहे. विसरलेल्या तारखेवरून त्याच्या निर्धाराचा निवाडा करण्याआधी त्याची स्मृती तपासणे हे यापुढे प्रत्येक केंद्राचे आणि प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.